होळकर पुलाखालची रेघ

पहिली फाईल कोरी निघाली.
पांढरीशुभ्र, सोळाशे ठिपके रुंद, नऊशे उंच,
आणि आत पाण्याचा एक थेंब नाही.
मी ती न उघडताच साहेबांना धाडली होती,
‘गोदावरी, ऑगस्ट, होळकर पूल’ असं नाव देऊन.
साहेबांचा फोन आला: नदी कुठंय?

चूक एका ओळीची होती.
आधी दाखव म्हटलं, मग जतन कर.
दाखवून झालं की हा प्रोग्राम पाटी पुसतो
आणि पुसलेली पाटी इमानदारीनं जपून ठेवतो.
दोन ओळींची अदलाबदल केली.
नदी आली.

आली, पण मुकी.
अक्षरांच्या जागी चौकोन, एकाला एक लागून.
बेंडकुळे काका चष्मा कपाळावर ढकलून वाकले,
“हे काय गं, पुरानंतरच्या बंद टपऱ्या?”
त्या चौकोनांत त्यांच्याच पट्टीचं नाव होतं.
मशीनला देवनागरी ठाऊक नव्हती. फॉन्ट शोधून दिला,
तशा टपऱ्यांच्या फळ्या एकेक निघाल्या
आणि उजव्या कडेला दुतोंड्या मारुती उभा राहिला,
म्हणजे दुतोंड्या मारु.
‘ति’ तेवढी कागदाबाहेर वाहून गेलेली.
समास वाढवला, तिला ओढून आत घेतलं.

काकांनी एकतीस वर्षं ती पट्टी वाचली.
बॅटरीच्या उजेडात, पेन्सिलीनं,
कारण शाई भिजली की पसरते, शिसं पसरत नाही.
त्यांच्या वह्या मी महिनाभर टाईप करत होते,
त्यांचा एक कुठला आणि नऊ कुठला
हे कळायलाच आठवडा गेला.

त्या रात्रीची रेघ चढत जाते,
मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला,
आणि छातीपाशी तुटते.
तीनला थांबते,
पाच चाळीसला भलत्याच उंचीवर पुन्हा सुरू होते.
सांधायला एक ओळ पुरते. मी ती लिहिलीही होती:
अलीकडचा आकडा, पलीकडचा आकडा, मधे चढ.
कुणाला कळलं नसतं. वळण सुरेख आलं होतं.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
“हे मी लिहिलेलं नाही.”
मग पंख्याकडे बघून,
“डोळा लागला होता. खुर्चीतच.
तिसरी रात्र होती. उठलो तर पाणी पायाशी.
आकडा टाकता आला असता. टाकतात लोक.”
पुढे काही बोलले नाहीत. डबा उघडला,
वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, अर्धी मला.

ती ओळ मी खोडली.

मग दोनदा जतन केलं.
साहेबांच्या मोबाईलसाठी पीएनजी;
ते ताणलं की रेघेच्या पायऱ्या होतात, घाटासारख्या,
आणि तुटलेली जागा त्यातच कुठेतरी विरघळते.
अहवालासाठी पीडीएफ. त्यातल्या रेघेला ठिपके नसतात,
नुसतं सांगणं असतं: इथून निघ, तिथवर जा, थांब.
म्हणून कितीही मोठं करा, कड झिजत नाही.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मोठं करत गेले.
दोनशे टक्के. आठशे. सहा हजार चारशे.
पडदाभर पांढरं, पहिल्या फाईलसारखंच.
पण याच्या डावीकडे, पडद्याबाहेर, तीन वाजलेत,
उजवीकडे पाच चाळीस,
आणि मधे लोखंडी खुर्चीत एक माणूस,
मान कलती,
बॅटरी मांडीवर चालूच.

खाली दिंडोरी रोडवर हॉर्न वाजत होते.
फाईलला नीट नाव द्यायचं ठरवलं होतं.
सुचलं नाही.
‘अंतिम तीन’ होतं, तेच राहू दिलं.